किल्ली कोणाच्या हाती?



गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास हरसूलहून मामींचा फोन आला. ही मामांच्या वामकुक्षीची वेळ. ती साधूनच त्यांनी फोन केला होता, हे त्यांच्या दबक्या आवाजावरून कळत होते. ‘‘अरे, तू तरी यांना सांग. मी सांगून थकले,’’ एवढेच त्या प्रथम म्हणाल्या. मग हळूहळू सगळे बाहेर आले.

दोन दिवसांपूर्वी दोघे नाशिकहून मामींची हृदयाची तपासणी करून परतत होते. गिरणारे मागे पडले आणि अंधारून आले. वाघेरा घाटात पाऊस आणि धुके एकदमच उतरले. समोरून मालमोटार आली, तिच्या दिव्यांचा झोत मामांच्या डोळ्यांवर पडला आणि पुढचे काही क्षण त्यांना रस्ताच दिसला नाही. गाडी डाव्या बाजूने कच्च्यात उतरली आणि एका दगडाला घासून थांबली. दोघांना साधे खरचटलेही नाही. मामांनी खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारली, पुन्हा स्टिअरिंग हाती घेतले आणि घर येईपर्यंत एक शब्दही काढला नाही. ‘‘आणि घरी आल्यावर म्हणतात, कुणाला सांगू नकोस,’’ मामी म्हणाल्या.

मामा ७७ वर्षांचे आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाड्यापाड्यांवर त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. आधी पायी, मग सायकलवर, मग फटफटीवर. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहान मोटार घेतली. ती मोटार म्हणजे चैन नव्हे. काळीपिवळी जीप माणसांनी गच्च भरल्याशिवाय सुटत नाही आणि एसटीच्या वेळा डॉक्टरांच्या वेळांशी जुळत नाहीत. हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन नाशिक गाठायचे, तर दाराशी स्वतःचे वाहन असणे किती मोलाचे असते, हे शहरातल्या वाचकांना सांगून कळणार नाही. खेड्यातल्या वाचकांना सांगावे लागणार नाही. म्हणूनच ‘किल्ली काढून घ्या’ हा सल्ला मला फार उथळ वाटतो. तो देणाऱ्याच्या दारापासून रिक्षा बहुधा पन्नास पावलांवर असते.

त्या रविवारी मी हरसूलला गेलो. आवणी उरकली होती, खाचरे हिरवीगार झाली होती. मामांना मी का आलो, हे माझी गाडी थांबायच्या आधीच कळले असावे. चहा होईपर्यंत ते शेजारच्या सावरपाड्याच्या कविता राऊतविषयी बोलत राहिले. हा त्यांच्या अभिमानाचा विषय आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक, हे सारे त्यांना मुखोद्गत आहे. ‘‘आमच्या भागाला वेगाचं वावडं नाही,’’ असे म्हणून ते थांबले आणि मग त्यांनी माझ्याच भात्यातला बाण माझ्यावर सोडला. ‘‘तूच ना सांगितलं होतंस, तो अमेरिकन नट सत्तराव्या वर्षी मोटारींची शर्यत जिंकला म्हणून? मग मी फक्त नाशिकपर्यंत जातो, त्यात काय बिघडलं?’’

होय, मीच सांगितले होते. पण त्या माणसाची अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी मामांना सांगितली, आणि आज तुम्हाला सांगतो.

तो नट म्हणजे पॉल न्यूमन. तुमच्यापैकी अनेकांनी तरुणपणी ‘द स्टिंग’ पाहिला असेल. त्यातले ते निळे डोळे विसरणे कठीण आहे. त्या डोळ्यांची एक गंमत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. २६ जानेवारी १९२५ रोजी जन्मलेला हा तरुण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात वैमानिक व्हायला गेला, तेव्हा तपासणीत त्याला रंगांधळेपणा असल्याचे आढळले आणि वैमानिकाचा मार्ग बंद झाला. त्याने विमानात बिनतारी यंत्र आणि बंदूक सांभाळण्याचे काम केले. शरीराने घातलेली मर्यादा मान्य करणे हा त्याच्या आयुष्यातला पहिला धडा असा विशीच्या आतच मिळाला होता.

मोटारींच्या शर्यतीशी त्याचा संबंध आला तो ‘विनिंग’ या १९६९ च्या चित्रपटामुळे. भूमिकेसाठी त्याने बॉब बाँडुरांट यांच्या शाळेत शर्यतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्याला त्याची गोडी लागली ती कायमची. पहिली शर्यत तो धावला १९७२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी. ज्या वयात या क्षेत्रातले बहुतेक जण निवृत्त झालेले असतात, त्या वयात हा शिकाऊ उमेदवार म्हणून रांगेत उभा राहिला. प्रवेशपत्रिकेवर नाव मात्र ‘पी. एल. न्यूमन’ असे लिहीत असे. नटाला नव्हे, चालकाला वेळ मोजून मिळावी म्हणून. अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला त्याला आणखी चार वर्षे लागली. १९७६ पाठोपाठ १९७९, १९८५ आणि १९८६ या वर्षीही ते त्याने मिळवले. शेवटचे मिळाले तेव्हा तो ६१ वर्षांचा होता.

येथवरचे मामांना ठाऊक होते. पुढची गोष्ट समजण्यासाठी स्पोर्ट्स कारची शर्यत म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. दूरदर्शन संचावर आपली नातवंडे ज्या उघड्या चाकांच्या फॉर्म्युला मोटारी पाहतात, तिथे एक गाडी आणि एक चालक असतो. दीड-दोन तासांत निकाल लागतो. स्पोर्ट्स कारच्या मोठ्या शर्यती निराळ्या असतात. फ्रान्समधील ल मां किंवा अमेरिकेतील डेटोना येथे शर्यत चालते चोवीस तास. दिवस, रात्र, पाऊस, धुके काहीही असो, गाडी थांबत नाही. माणूस मात्र थांबतो. एकेका गाडीला तीन-चार चालक असतात. आपली पाळी संपली की चालक गाडी मार्गालगतच्या तळावर आणतो, पट्टे सोडतो, उतरतो आणि जागा पुढच्याला देतो. ल मांच्या आजच्या नियमानुसार एका चालकाला कोणत्याही सहा तासांत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक गाडी हाकता येत नाही. तो कितीही तरबेज असो, त्याला स्वतःला कितीही ताजेतवाने वाटत असो. दमलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हे सर्वांत शेवटी कळते, म्हणून त्याच्या मताला तिथे फारशी किंमत नसते.

१९७९ मध्ये ५४ वर्षांचा न्यूमन ल मांला उतरला तो डिक बार्बर आणि रॉल्फ स्टॉमेलेन या दोघांसह. त्यांची पोर्शे गाडी एकूणात दुसरी आली. ते दुसरे स्थान तिघांचे होते. १९९५ च्या फेब्रुवारीत, सत्तरावा वाढदिवस होऊन जेमतेम दोन आठवडे झाले नव्हते, तेव्हा डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी आपल्या वर्गात पहिली आली. मामा ज्या विजयाचा दाखला देत होते तो हाच. पण त्या गाडीत टॉमी केंडल, मार्क मार्टिन आणि मायकेल ब्रॉकमन हे आणखी तिघे चालक होते, आणि तिघेही त्याच्याहून तरुण. सत्तर वर्षांच्या माणसाने चोवीस तास गाडी चालवली नाही. चौघांनी वाटून चालवली. ‘‘म्हणजे त्यानं किल्ली दिली होती,’’ मामा म्हणाले. शर्यतीच्या गाडीला तशी किल्ली नसते, पण मी ती दुरुस्ती केली नाही.

न्यूमनची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००७ मध्ये त्याने अभिनयातून निवृत्ती जाहीर केली. स्मरणशक्ती आणि आत्मविश्वास पूर्वीसारखे उरले नाहीत, हे त्याने दूरचित्रवाणीवर सरळ सांगितले. ज्या कामाने त्याला जगभर नाव दिले, ते त्याने कुणी सांगण्याआधी खाली ठेवले. गाडी मात्र तो ८२ व्या वर्षीही चालवत होता, पण कुठे? लाइम रॉकसारख्या ओळखीच्या, बंद मार्गावर. तिथे समोरून वाहन येत नाही, वळणावर गाय बसलेली नसते, डोक्यावर शिरस्त्राण असते आणि वळणावळणाला मदतनीस उभे असतात. अखेरच्या वर्षांत तो गाडीवर स्वतःच्या वयाचाच आकडा रंगवून घेत असे. सप्टेंबर २००८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. वाघेरा घाटात मामांच्या डोळ्यांना नेमके काय झाले?

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट, धूसर होत जाते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असला, तर समोरच्या दिव्याचा झोत भिंगात विखुरतो आणि सगळे दृश्य पांढऱ्या पडद्यामागे जाते. झोत निघून गेल्यावर डोळा पुन्हा अंधाराला सरावायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ घेतो. दवाखान्यातल्या उजेडात तक्त्यावरची अक्षरे वाचता येतात, म्हणून ‘माझी नजर उत्तम आहे’ असे मानणारा माणूस धुक्यातल्या घाटात आंधळा होऊ शकतो. काचबिंदूचा धोका याहून लबाड आहे. तो बाजूची दृष्टी हळूहळू खातो, मधली शाबूत ठेवतो, आणि रस्त्याच्या कडेने येणारा सायकलस्वार दिसेनासा झाला आहे, हे चालकाच्या गावीही नसते.

डोळ्यांच्या जोडीला हातपाय येतात. धोका दिसणे, तो उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत वयानुसार थोडा अधिक वेळ जातो. ‘थोडा’ म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर. आठ मीटरमध्ये आमच्या हरसूलच्या बाजारातले एक दुकान, त्यापुढची भाजीची पाटी आणि त्या पाटीमागची बाई, एवढे सगळे मावते. मानेचे मणके आखडलेले असतील, तर गाडी मागे घेताना मान वळत नाही. गुडघा दुखत असेल, तर पाय उचलून ब्रेकवर नेण्याऐवजी तो नुसता सरकवला जातो आणि चुकून दुसऱ्याच पट्टीवर पडतो.

औषधांचे तर वेगळेच प्रकरण आहे. सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी आठ वाजताही उरलेला असू शकतो. रक्तदाबाच्या काही औषधांनी उभे राहताना चक्कर येते. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना तर गाडीवर बसण्याआधी साखर तपासण्याचीच शिस्त हवी. ब्रिटनमध्ये मधुमेही चालकांना शिकवतात, की साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आधी खाऊन घ्या, मग निघा. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी, गोळी घेऊन, फक्त चहावर, देवदर्शनाला गाडी काढणारे कितीतरी आजोबा मी पाहिले आहेत. तुमच्या प्रत्येक औषधाविषयी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: हे घेऊन मी गाडी चालवू का? पुष्कळदा गोळी तीच राहते, वेळ बदलते आणि काम भागते.

कायदा याबाबतीत वयाची वरची सीमा घालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाची ५५ वर्षे उलटलेल्यांना खाजगी वाहनाचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो, आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदत संपून वर्ष लोटले, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण त्या प्रमाणपत्रावर डोळे न तपासता सही करणारे माझे व्यवसायबंधू आहेत आणि ‘डॉक्टर, नुसती सही हवी आहे’ असे म्हणत येणारे रुग्णही आहेत. मीही पूर्वी ओळखीपाळखीत अशा एक-दोन सह्या केल्या आहेत, हे इथे कबूल करतो. आता करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला मान वळवायला लावली, बाजूचे बोट दिसते का विचारले, घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर रागावू नका. ते तुमचे काम नीट करत आहेत.

आता सांभाळ करणाऱ्यांसाठी. नाशिकच्या परिसरात मोटारींच्या राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या होऊन गेल्या आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या असतील, त्यांना ठाऊक असेल, की रॅलीच्या गाडीत चालकाशेजारी सहचालक असतो. पुढचे वळण डावे की उजवे, किती तीव्र, हे तो वहीतून वाचून दाखवतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे काम पत्नी करत असते. ‘‘अहो, समोरून बस आली,’’ ‘‘अहो, हळू,’’ ‘‘अहो, आपलं वळण गेलं.’’ ऐकायला हे गोड वाटते, सवयीचे असते. पण रॅलीतला सहचालक चालकाला न दिसणारे, वळणापलीकडचे सांगतो. डोळ्यांसमोर दिसणारी बसदेखील सांगावी लागत असेल, ओळखीच्या रस्त्याचा फाटा दाखवावा लागत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजा. विस्मरणाच्या आजारात कित्येकदा शेजारच्या माणसाच्या सूचनांवर गाडी वर्षानुवर्षे चालत राहते आणि आजार झाकला जातो. मामींना मी हेच विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘दिवसा मला काही बोलावं लागत नाही. दिवे लागले की मात्र मी सारखी बोलत असते.’’

या उत्तराने पुष्कळ काम सोपे केले. बुद्धी शाबूत होती, दिवसाची नजर ठीक होती. प्रश्न अंधाराचा होता. असे नेमके शोधून काढा. ‘तुम्ही आता म्हातारे झालात’ हे वाक्य कोणालाच ऐकवत नाही, आणि त्यावर वाद घालून आजवर कोणी जिंकल्याचे मला माहीत नाही. ‘दिवे लागल्यावर गाडी नको’ हे वाक्य मात्र ऐकवते. गाडीवरचे नवे ओरखडे, मागच्या वाहनांचे वाढलेले हॉर्न, नेहमीच्या रस्त्यावर झालेली चुकामूक, नातवंडांना सोबत पाठवायला सून कचरते आहे, या गोष्टी शांतपणे टिपून ठेवा आणि सगळ्यांसमोर नव्हे, एकट्याने बोला. मुलाने बोलण्यापेक्षा भाच्याने, मित्राने किंवा डॉक्टरांनी बोललेले पुष्कळदा पचते. मात्र कोणी दोनदा रस्ता चुकले असेल, ब्रेक समजून भलतीच पट्टी दाबली असेल, गाडीवर असताना क्षणभर शुद्ध हरपली असेल, तर थांबू नका. तपासणी होईपर्यंत गाडी बंद. तिथे भीड ठेवण्याची सोय नाही.

आणि किल्ली घेताना बदल्यात काय देणार, हे आधी ठरवा. गाडी सुटलेल्या वृद्धांमध्ये खिन्नता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यात नवल नाही. गाडीबरोबर बाजार सुटतो, भजनी मंडळ सुटते, मित्राच्या ओट्यावरचा तासभर सुटतो. ‘कुठे जायचे असेल तर सांगा’ हे आश्वासन पुरेसे नाही, कारण सांगणे म्हणजे मागणे, आणि मामांसारख्या माणसाने आयुष्यात काही मागितलेले नसते. गुरुवारी बाजार, सोमवारी मंदिर, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नाशिक, असे वार बांधून द्या. मग ते मागणे राहत नाही.

मामांशी बोलणे त्या रविवारी तडीस गेले नाही. ते उठून गोठ्याकडे निघून गेले आणि मी निघेपर्यंत परत आले नाहीत. आठवड्याने त्यांनीच फोन करून विचारले, की डोळे कोणाला दाखवायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिवाळीनंतर एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिन्याने दुसऱ्याची. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी शेजारच्या जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने चालवली. पेट्रोल आणि दिवसाचा मोबदला ठरवून. फुकटची मदत मामांनी घेतली नसती. परवानगी मिळाल्यावर मामा पुन्हा स्टिअरिंगवर बसले, पण करार असा, की दिवसा ते आणि दिवे लागल्यावर तो मुलगा. दुसऱ्या डोळ्यानंतर रात्रीही पुष्कळ बरे दिसते, असे ते मला दोनदा सुचवून पाहिले. मी फक्त मामींकडे पाहिले.

गेल्या महिन्यात मीही त्यांच्यासोबत होतो. नाशिकला तपासणीत वेळ गेला आणि गिरणाऱ्याला पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीला टेकला. मामांनी न सांगता गाडी चहाच्या टपरीजवळ घेतली, इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि मागे बसलेल्या त्या मुलाच्या हातात दिली. चहा झाल्यावर ते मामींच्या शेजारी मागच्या आसनावर बसले, पट्टा लावला. घाट सुरू झाला, तशा मामी डुलकी घेऊ लागल्या. या रस्त्यावर त्यांना झोपलेले मी प्रथमच पाहत होतो. मामा मात्र टक्क जागे होते. ‘‘पुढचं वळण आंधळं आहे,’’ ते मुलाला म्हणाले, ‘‘हॉर्न दे, आणि दिवे खाली घे. समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नकोस.’’